तार षड्जातला सांधा

नगर-मनमाड रस्त्याच्या कडेला बसून शास्त्रीय संगीताच्या रेकॉर्डिंगची परीक्षणं लिहिणारा माणूस बहुधा मी एकटाच असेन. कोल्हारातलं आमचं घर रस्त्यापासून फारसं लांब नाही. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या जायला लागतात, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर ड्रायव्हरच्या आवडीचं गाणं इतक्या जोरात लावलेलं असतं की आमच्या खिडकीच्या काचाही ठेका धरतात. हंगाम नसतो तेव्हा रस्त्याचं काम चालू असतं. मी जवळच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा ते चालू होतं, आणि मी निवृत्त झालो तरी ते काही निवृत्त झालं नाही. त्यामुळे मी मागच्या खोलीचं दार लावतो, कानावर हेडफोन चढवतो आणि ख्याल ऐकतो.

पुण्याचं एक संगीताचं मासिक मला दर महिन्याला नवी आणि पुन्हा काढलेली जुनी रेकॉर्डिंग पाठवतं. पूर्वी सीडीचं पाकीट यायचं, आता फोनवर लिंक येते. चार-पाच रेकॉर्डिंग ऐकायची, प्रत्येकावर पान-दीड पान लिहायचं, असं ते काम आहे. संपादक बाई तरुण आहेत, माझ्या मुलीहूनही लहान असतील. मला ‘सर’ म्हणतात आणि मजकूर उशिरा गेला तर रागावत नाहीत, नुसत्या गप्प बसतात. त्याचाच मला जास्त धाक वाटतो.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी माझी बायको गेली. पोटात गाठ निघाली, नाशिकला नेलं, परत आणलं, आणि मग फार दिवस लागले नाहीत. त्यानंतर परीक्षणं लिहिणं मला सोपं जाऊ लागलं. हे सांगताना लाज वाटायला हवी, पण तीही वाटत नाही. पूर्वी एका परीक्षणापायी घर डोक्यावर घ्यायचो. एखाद्या नव्या गायकानं रागाची वाट लावली की जेवणावरून उठायचो, बायको म्हणायची, ‘त्याने चुकीचा धैवत लावला म्हणून माझी भाजी का गार करताय?’ आता ऐकतो, बरोबर काय आणि चूक काय ते कळतं, आणि तसं लिहून टाकतो. सूर लागला की लागला एवढं समजतं, आत काही होत नाही. साखर तोंडात टाकावी, जिभेला ती साखर आहे हे कळावं, आणि गोड मात्र लागू नये, तसं काहीसं.

गंमत म्हणजे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. संपादक बाईंचा एकदा फोन आला. म्हणाल्या, ‘सर, हल्ली तुमचं लिखाण किती समतोल झालंय. पूर्वी थोडं बोचायचं.’ मी आभार मानले. मला त्यांचा राग यायला हवा होता असं नंतर भाकरी भाजताना वाटलं. भाकरी मी आता बऱ्या भाजतो.

लोक मला धीराचा समजतात. नातेवाईक फोन करतात तेव्हा मी त्यांनाच समजावतो. मुलगी बंगळुरूला असते, तिचं हुंदके देऊन बोलणं मी शांतपणे ऐकून घेतो आणि तिला जेवलीस का विचारतो. बायकोच्या साड्या तिच्या शिष्यांनी वाटून घेतल्या, मी त्यांना पिशव्या दिल्या. तंबोरा कोपऱ्यात गवसणी घालून ठेवला. मी धीराचा वगैरे काही नाही, सुन्न झालो होतो, आणि सुन्न माणसाचं सगळं फार व्यवस्थित चालतं.

या उन्हाळ्याच्या आधी नेहमीप्रमाणे लिंक आली. पाच रेकॉर्डिंग होती. एका सतारियाचं नवं, एक ध्रुपदाचं, दोन तरुण गायकांची, आणि पाचवं म्हणजे एका जुन्या कॅसेटचं नवं रूप. नगरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये कधीकाळी झालेली मैफल, बाईंचा राग मुलतानी. बाई म्हणजे माझ्या बायकोच्या गुरू. नगरचं नाव आता बदललं, बाईही कधीच गेल्या, पण आमच्या तोंडी नगर ते नगर आणि बाई त्या बाईच. मुखपृष्ठावर बाईंचा फोटो, खाली गायन, तबला, हार्मोनियम असं लिहून तीन नावं. तंबोऱ्यावर कोण होतं ते लिहिलेलं नव्हतं. ते कधीच लिहीत नाहीत.

तंबोऱ्यावर माझी बायको होती, त्या दिवशी एकटीच. अर्थात तेव्हा ती माझी बायको नव्हती. आम्ही दोघं पंचविशीच्या आतले होतो आणि एकमेकांना ओळखतही नव्हतो. मी नगरमध्ये नुकताच नोकरीला लागलो होतो, आणि एका स्थानिक दैनिकात हौसेनं मैफलींवर लिहायचो. त्या मैफलीवरही लिहिलं. त्यात मी बाईंच्या दमसासाचं तोंड भरून कौतुक केलं होतं. अंतऱ्यात बाई तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, जाऊन थांबतात, आणि विलंबित लयीत तालाचं जवळजवळ अर्धं आवर्तन तो सूर कुठेही न तुटता, न हलता उभा राहतो. या वयात असा श्वास म्हणजे तपश्चर्या, असं काहीतरी मी लिहिलं होतं. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला, माणसाच्या छातीत हवा मावते किती, एवढा साधा प्रश्नसुद्धा पडला नाही.

पुढच्या मैफलीच्या वेळी हॉलच्या पायऱ्यांवर एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘पेपरात लिहिणारे तुम्हीच ना? तो दम निम्मा माझा होता.’ आणि हसत हसत आत निघून गेली. मला काही कळलं नाही. मैफल संपल्यावर मीच तिला गाठलं आणि याचा अर्थ काय म्हणून विचारलं. आमच्या लग्नाची सुरुवात ही अशी, माझ्या चुकलेल्या परीक्षणापासून झाली.

अर्थ असा होता. मोठ्या गायकाच्या मागे तंबोरा घेऊन शिष्य बसतात, ते नुसती तार छेडायला नव्हे. गायकाला श्वास घ्यायचा असतो तेव्हा शिष्य तोच सूर हळूच उचलतो आणि धरून ठेवतो. गायक श्वास घेऊन परत सुरावर येतो तेव्हा शिष्य बाजूला होतो. याला स्वरसाथ म्हणतात. श्रोत्यांना वाटतं सूर अखंड आहे. बाईंची याबाबतीतली शिस्त कडक होती. सांधा दिसता कामा नये, असं त्या म्हणायच्या. शिवणकामात दोन तुकडे जोडल्याचं दिसलं तर कापड फुकट गेलं, तसं. शिष्येचा आवाज कुणाला ऐकू आला तर त्या घरी गेल्यावर बोलत नसत, आणि तिला पुढच्या मैफलीला दुसऱ्या तंबोऱ्यावर, मागच्या बाजूला बसवत. माझी बायको त्यांच्याकडे किशोरवयापासून शिकत होती. तिनं आपला आवाज बाईंच्या आवाजाला घासून घासून इतका सारखा केला होता की फोनवर लोक फसायचे.

लग्नानंतर आम्ही कोल्हारला आलो. तिचं मैफलींना जाणं हळूहळू थांबलं. कुणी थांबवलं नाही, पण कोल्हारहून नगरला रात्रीच्या कार्यक्रमाला जायचं, एसटीनं परत यायचं, आणि पुन्हा मागेच बसायचं, याचा तिला कंटाळा आला. नंतर ती घरी मुलींना शिकवू लागली. परीक्षांना बसणाऱ्या मुली, बहुतेक बागायतदारांच्या घरातल्या, स्कूटीवरून यायच्या. स्वतः मात्र ती कधीच पुढे बसून गायली नाही. मी म्हणायचो, फोनवर रेकॉर्ड करतो. ती म्हणायची, ‘ठेवा तो बाजूला. रियाज आहे, कार्यक्रम नाही.’ मग म्हणायची, कधीतरी चांगला गळा असेल त्या दिवशी करू. त्यामुळे आज माझ्या फोनमध्ये ती बोलताना पुष्कळ आहे. येताना कोथिंबीर आणा, गॅसवाला येऊन गेला, पोरीचा फोन उचला. गाताना ती कुठेच नाही.

म्हणजे तिच्या गाण्याचं जगात जे काही उरलं आहे ते त्या मुलतानीत आहे. तेही अंतऱ्यातल्या त्या एका तार षड्जात, आणि तेही बाई श्वास घेतात तेवढंच. हे मला लिंक आली त्याच क्षणी कळलं. तरी मी आधी सतारिया ऐकला, मग ध्रुपद ऐकलं, दोघांवर लिहूनही टाकलं. मुलतानी शेवटी ठेवला. घाबरलो होतो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं काही वाटत नव्हतं. बँकेत जायचं काम जसं पुढे ढकलतो तसंच ते ढकललं.

एका दुपारी दार लावून ऐकायला बसलो. काम फार चांगलं केलं होतं. जुन्या कॅसेटची ती सतत चालणारी सूं गेली होती, तबला मोकळा झाला होता, कुणीतरी खोकायचं ते काढून टाकलं होतं. आमच्या घरची मूळ कॅसेट कधीच टेपरेकॉर्डरनं चावून खाल्ली होती, त्यामुळे मी हा मुलतानी कितीतरी वर्षांनी ऐकत होतो. स्थायी झाली. अंतरा आला. बाई षड्जावर गेल्या. मी डोळे मिटले, सूर उभा राहिला, राहिला, राहिला, आणि खाली उतरला. ती कुठे आली ते मला कळलं नाही.

परत लावलं. पुन्हा नाही कळलं. मग मी परीक्षणासाठी ऐकतो तसं नीट बसून ऐकलं. आवाजाचा पोत, जोर, तोंड किती उघडं आहे, कंप आहे की नाही, सगळं तपासलं. माझे कान वाईट नाहीत, त्यांच्या जोरावर मी आयुष्यभर लोकांची उणीदुणी काढली आहेत. एखाद्या रेकॉर्डिंगमध्ये दोन वेगळ्या दिवशीचं गाणं जोडलं असेल तर मी जागा दाखवून देतो, आणि कंपन्यांचे लोक चिडतात. त्या सुरात मला एकच बाई गाताना ऐकू येत होती.

मग लक्षात आलं. कॅसेट होती तेव्हा आम्ही ती कायम दोघं मिळून ऐकत असू. ती जागा आली की बायको माझ्या मनगटावर बोट टेकवायची आणि म्हणायची, ‘इथून मी.’ मग बोट उचलायची, ‘आता बाई.’ आणि मी मान डोलवायचो, म्हणायचो, ऐकू येतंय की स्पष्ट. मला खरोखर स्पष्ट ऐकू यायचं. आता कळलं की मला तिचं बोट ऐकू येत होतं. इतक्या वर्षांत मी त्या सुरात तिला एकदाही कानानं ओळखलं नव्हतं.

हे कळल्यावरही मी रडलो वगैरे नाही. उठून चहा केला. पण तेव्हापासून मला दुसरं काही सुचेना. ती त्या सुरात कुठे आहे हे शोधून काढायचं, एवढी एकच गोष्ट मला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हवीशी वाटली. सापडली असती तर तेवढा तुकडा मी पुन्हा पुन्हा ऐकला असता. दुसरं काय करणार होतो कोण जाणे.

मुलीला सांगितलं. ती कॉम्प्युटरवाली. म्हणाली, ‘बाबा, हल्ली आवाज वेगळे करून देणारी सॉफ्टवेअर असतात. मला पाठवा.’ दोन दिवसांनी तिनं तुकडे पाठवले. एकात नुसता तबला होता, एकात पेटी, एकात तंबोरा. तंबोरा नुसता वेगळा दोनदा ऐकला खरा, कारण तो हात तिचाच होता, पण तंबोऱ्याच्या हातावरून कोण ओळखणार? चार तारा कुणीही छेडल्या तरी चारच. आणि शेवटच्या तुकड्यात गळा होता, सगळा एक. मुलीनं फोनवर विचारलं, ‘आई ऐकू आली?’ मी म्हणालो, त्या यंत्रालाही सांधा दिसला नाही. ती म्हणाली, ‘आई खूश झाली असती.’ मी हो म्हणालो.

आता त्या दिवशी स्टेजवर असलेल्यांपैकी एकच माणूस उरला होता. बाई गेल्या, पेटीवाले गेले, आता ही गेली. राहिले तबलजी, ते पुणतांब्याला असतात. गावात त्यांची पेरूची बाग आहे. तबला त्यांनी भजनी मंडळात उचलला आणि पुढे बाईंच्या साथीला वीसेक वर्षं बसले. मी एका सकाळी बाभळेश्वर, राहाता करत एसटीनं पुणतांब्याला गेलो.

ते ओट्यावर बसले होते. गुडघे गेले आहेत, आता बोटंही वळत नाहीत. मला पाहून उठायची धडपड केली, मी खांदा धरून बसवलं.

‘सर, या. ताईंचं कळलं मला,’ ते म्हणाले. ‘यायचं हुतं, पन पोरं गाडीवर बसू देत न्हाईत.’

घरातून चहा आला. मी फोन काढला, त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि मुलतानी लावला. त्यांनी डोळे मिटले. बोटं मांडीवर हलायला लागली, वळत नव्हती तरी हलत होती. अंतरा आला तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो, कुठेतरी भुवई हलेल म्हणून. सूर उतरला, समेवर त्यांची मान खाली गेली, एवढंच.

‘ताई कुठं धरतात सूर, ते सांगायचं आहे मला,’ मी म्हणालो. ‘कुठून कुठपर्यंत, तेवढंच.’

त्यांनी हेडफोन काढला. ‘ते मला कसं कळायचं, सर? मी मातरा मोजीत हुतो. विलंबित लई अवघड चीज हाय, येक मातरा इकडं तिकडं झाली की बाई डोळं वटारायच्या. गळ्याकडं माजं ध्यान न्हवतं.’

‘तुम्ही शेजारी बसला होता.’

‘व्हय, पन ताई मागं. मला त्यांचा गळा कदी येगळा आयकूच आला न्हाई.’ मग म्हणाले, ‘बाई मातूर त्या दिवशी लई खूश हुत्या. गाडीत ताईला म्हनल्या, आज तू न्हवतीसच.’

मी विचारलं, ‘ती काय म्हणाली?’

‘काय म्हननार? हसल्या. लई मोटं कौतुक हुतं ते बाईंचं.’ मग माझ्याकडे बघून ते समजुतीनं म्हणाले, ‘सर, सापडत न्हाई म्हंजी साथ चोख झाली की. तुमी कशाला जिवाला लावून घेता?’

बरोबर होतं त्यांचं. मुलीनंही तेच सांगितलं होतं आणि मलाही ते पहिल्या दिवशीच सुचलं होतं. पण परतीच्या एसटीत मला त्या सगळ्या चोख साथीची चीड आली. बाईंची चीड आली. आज तू नव्हतीसच, हे कुणाला कौतुक म्हणून सांगायचं असतं का? आणि बायकोचीही आली, कारण ती त्यावर हसली होती, आणि हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. एकदा तरी चुकायचं होतंस, एकदा तरी जरा जोरात गायचं होतंस, असं मी खिडकीकडे तोंड करून मनातल्या मनात तिला बोलत होतो. मला चोख साथ नको होती, ती हवी होती. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी विचारलं, ‘आजोबा, मळमळतंय का? खिडकी उघडू?’ मी नको म्हणालो. पण राग आला होता, हे मला जाणवत होतं, आणि इतक्या महिन्यांत आत काहीतरी झालं ते हेच.

घरी येऊन परीक्षण लिहायला बसलो. आधी नेहमीसारखं समतोल लिहिलं. ध्वनिशुद्धी उत्तम, मुलतानीचा विस्तार संयत, अंतऱ्यातला तार षड्ज ऐकण्यासारखा. वाचून पाहिलं. पंचविशीच्या आत असताना लिहिलं होतं त्यात आणि यात फरक एवढाच होता की तेव्हा मी चुकीचं लिहिलं होतं, आणि आता खोटं लिहीत होतो. ते पान पुसलं.

मग लिहिलं की या तार षड्जात दोन आवाज आहेत. एक बाईंचा, दुसरा मागे तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्येचा. बाई श्वास घेतात तेवढा वेळ सूर ती धरते. दोघींमधला सांधा मी पुष्कळ शोधला, मला सापडला नाही. मुखपृष्ठावर तिचं नाव नाही, ते असायला हवं होतं. आणि मग तिचं नाव लिहिलं.

नाव लिहिताना अडलो. माझं आडनाव लावलं तर ते चूक झालं असतं. त्या दिवशी स्टेजवर ज्या नावाची मुलगी बसली होती तेच नाव लिहायला हवं, परीक्षणाचा नियमच आहे तो. तिचं नाव, तिच्या वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. असं पूर्ण नाव मी आयुष्यात कधी लिहिलं नव्हतं. लग्नाच्या पत्रिकेवर असेल तेवढंच. लिहून झाल्यावर ते एका अनोळखी मुलीचं वाटलं. मजकूर पाठवून दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी संपादक बाईंचा फोन आला. मी गॅसवर दूध ठेवलं होतं. त्या एवढ्या उत्साहानं कधी बोलत नाहीत.

‘सर, हे फारच छान आहे. तंबोऱ्यावरच्यांबद्दल कुणी लिहीतच नाही. मला यावर पुढच्या अंकात काहीतरी मोठं करायचंय.’

मी बरं म्हणालो.

‘या ज्या आहेत ना,’ त्यांनी ते नाव वाचून दाखवलं, वडिलांच्या नावासकट, जरा अडखळत, ‘यांचा काही पत्ता लागेल का? म्हणजे त्या अजून गातात का हो, सर?’

बायको गेल्याचं त्यांना माहीत होतं. त्यांनी तेव्हा दुखवट्याचा मेसेजही पाठवला होता, पण त्यात ‘मॅडम’ असं होतं. हे नाव आणि ती मॅडम एकच, हे त्यांना कळण्याचं काही कारणच नव्हतं. गेल्या कित्येक महिन्यांत मी ती गेल्याचं किती जणांना सांगितलं होतं, गॅस एजन्सीला, दूधवाल्याला, पेन्शनच्या कचेरीत, आणि एकदाही अडखळलो नव्हतो. पण तिच्या गाण्याबद्दल आजवर कुणी विचारलं नव्हतं.

‘नाही गात,’ मी म्हणालो. ‘ती माझी बायको.’

दूध वर आलं, मी गॅस बंद केला.

‘सॉरी, सर,’ त्या हळू म्हणाल्या. ‘मला खरंच माहीत नव्हतं.’ मग काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, ‘मग नाव बदलू या का? अजून पान छापायला गेलेलं नाही. तुमचं आडनाव लावते ना.’

‘नको,’ मी म्हणालो. ‘तेव्हा ती माझी कोणी नव्हती.’

एवढं बोललो आणि मला रडू फुटलं.